ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

मागच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्ट्या लागायच्या आठवड्यात, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई ओढणीच्या टोकात मोबाईल गुंडाळून घरी आली. महागावात ती मासळी विकते. सलाम करून बसली, पाणी प्यायली आणि फोन पुढे करून म्हणाली, "बाजी, इसमें देखो तो जरा, पैसे आए क्या?"

सकाळी एका अनोळखी गिऱ्हाईकाने लग्नघरासाठी म्हणून रोहू आणि कतला मिळून सहा किलो माल घेतला होता. टोपलीला टांगलेल्या क्यूआर कोडवर त्याने फोन धरला, हिरव्या खुणेचा पडदा तिला दाखवला आणि गाडीला किक मारली. आम्ही तिचा फोन पाहिला तर त्यात पैसे दिसण्याची सोयच नव्हती. साधा बटणांचा फोन तो. क्यूआर कोड मुलाचा, बँकेचे खाते मुलाचे, खात्याला जोडलेला नंबरही मुलाचा आणि मुलगा पुण्याला कंपनीत. त्याला फोन लावला तेव्हा कळले की त्या सकाळी त्याच्या खात्यात एक रुपयाही आलेला नव्हता. तो कामावर असतो, रात्री जेवताना बँकेचे मेसेज बघतो आणि मग आईला सांगतो, आज इतके आले. तोवर गिऱ्हाईक नांदेडला पोहोचलेले असते.

"जाने दो बाजी, सदका समझ लूँगी," असे म्हणून ती उठली. आम्हाला मात्र तो सदका वाटेना. सदका माणूस आपल्या हाताने देतो. इथे सतरा वर्षे मासळी विकणाऱ्या बाईच्या धंद्याचा सगळा पैसा तिला न दिसणाऱ्या फोनवर उतरत होता. आज एका भामट्याने तिला फसवले, हे खरे. पण त्याने फसवले नसते तरी तिच्या कमाईचा हिशेब तिच्या हाती नव्हताच.

ज्या वाचकांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. महागाव हा यवतमाळ जिल्ह्यातला कापूस आणि सोयाबीनचा तालुका. पूस नदी पुसदकडून येते, आमच्या तालुक्यातून जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. तिच्यावर अधरपूस धरण आहे. पैनगंगेवरचे ईसापूरचे मोठे धरण फार लांब नाही. त्याशिवाय लहानमोठे पाझर तलाव आणि २०१६ नंतर 'मागेल त्याला शेततळे' योजनेत खोदली गेलेली शेततळी. पाणी अडवले ते शेतीसाठी, पण पाण्यात बीज सोडले की मासे वाढतात आणि त्यावर अनेक चुली पेटतात. जाळे टाकणारे आमच्याकडे बहुतेक भोई समाजाचे. बर्फ, वाहतूक, तोडणे, साफ करणे आणि विकणे यांत आपल्या घरांतले लोक बरेच आहेत. शेततळ्यावर राखण करणारा, खाद्य टाकणारा मजूर कोणत्याही समाजाचा असू शकतो.

या सगळ्यांना मिळून काय म्हणायचे? जाळे टाकतो तो मच्छीमार, तळे ज्याचे तो मत्स्यशेतकरी. पण रात्री तळ्यावर झोपणारा, सकाळी बादलीने खाद्य टाकणारा आणि घरी बसून फाटलेले जाळे विणणारी बाई, हे कुठल्याच कागदावर नसत. २०२४ च्या ११ सप्टेंबरला केंद्र सरकारने राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू केला. त्यात फक्त मच्छीमार आणि मत्स्यशेतकरी नाहीत, तर मासळी-कामगार आणि विक्रेते यांनाही आपापल्या कामाच्या नावाने नोंद करता येते. काम हीच ओळख, असा त्यामागचा विचार. प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजना म्हणून सहा हजार कोटींची जी योजना आहे, तिचा दरवाजा या नोंदणीतूनच उघडतो. तळ्यातल्या माशांचा विमा काढला तर हप्त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. पाण्याच्या क्षेत्राला हेक्टरी २५ हजार आणि जास्तीत जास्त एक लाख रुपये ही त्याची मर्यादा. अनुसूचित जाती, जमाती आणि महिला यांना दहा टक्के अधिक. राज्य मंत्रिमंडळानेही २०२५ च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

जाळ्यावर जाणाऱ्यांसाठी अपघात विमा आधीपासून आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पाच लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर अडीच लाख, इस्पितळासाठी २५ हजार. हप्ता सरकार भरते. विम्याविषयी ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, तो विषय आमचा नाही. आमचे म्हणणे एवढेच की घ्यायचे की नाही हे ठरवण्याआधी आपले नाव कुठे आहे आणि कुठे नाही हे माणसाला स्वतः पाहता आले पाहिजे.

आणि तिथेच सगळे अडते. नोंदणीला आधार लागते, आधारला जोडलेला मोबाईल लागतो, बँक खाते लागते. ओटीपी येतो त्या मोबाईलवर. तो मोबाईल कोणाचा?

आम्ही आणि शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिकांनी त्या सुट्टीत ठरवले की मासळीच्या कामात असलेल्यांना मोबाईल शिकवायचा. सुरुवात आम्ही अगदी मास्तरांसारखी केली, म्हणजे चुकीची. शाळेची एक खोली मागून घेतली, दुपारी तीनची वेळ ठेवली, फळ्यावर 'इंटरनेट म्हणजे काय' असे लिहिले. एका सहकारी बाईंनी तर घरून जुना संगणक आणून माऊस कसा धरायचा इथपासून सुरू केले. पहिल्या दिवशी चौदा जण आले. दुसऱ्या दिवशी तीन. त्यातले एक जण पंख्याखाली झोपले.

रागवायचे कारण नव्हते. जाळ्यावरचा माणूस रात्री तीन-चारला पाण्यात असतो. नऊ-दहापर्यंत मासळी बाजारात गेली पाहिजे, नाहीतर उन्हात तिचा भाव उतरतो. दुपार ही त्याची रात्र. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी आम्हाला फार नीट सांगितले, "मॅडम, जाळं टाकणं मले कोनी खोलीत बसवून नाही शिकोलं. बापानं पाण्यात नेलं."

मग आम्ही वर्ग सोडला. अस्रनंतर, मगरिबच्या आधी, जिथे बर्फाच्या पेट्या धुतल्या जातात तिथेच जाऊन बसायला लागलो. फळा नाही, वही नाही. ज्याचा त्याचा फोन आणि त्या दिवशीचे त्याचे काम. आज काय अडले? ते सांगा, तेवढेच शिकू.

पहिला धडा म्हणून पैसे घेणे शिकवले. इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. समोरच्याने दाखवलेला पडदा म्हणजे पैसे नव्हेत. तो फोटो असू शकतो, खोट्या ॲपचा असू शकतो. पैसे आपल्या खात्यात दिसले की आले. दुसरे, पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन देताना लागतो. कोणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाले की ओळखावे, तो आपल्याकडून नेणार आहे. साधा फोन असलेल्यांनाही खात्यातली शिल्लक पाहता येते. खात्याला जोडलेल्या नंबरावरून स्टार ९९ हॅश लावायचे आणि सांगेल तो आकडा दाबायचा. यात इंटरनेट लागत नाही. योजनेचे नाव सांगून व्हॉट्सॲपवर जी एपीके फाईल येते, ती कितीही ओळखीच्या माणसाकडून आली तरी दाबायची नाही. त्याचाही फोन कोणी आधीच ताब्यात घेतलेला असू शकतो. आणि पैसे गेलेच तर लाजून घरी बसायचे नाही, १९३० वर लगेच फोन करायचा. पहिल्या तासात केलेला फोन आणि तिसऱ्या दिवशी केलेला फोन यांत फार फरक पडतो, कारण पैसा खात्यातून खात्यात पुढे पळत असतो.

हे सारे सांगायला दहा मिनिटे लागतात. अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. आम्ही एकमेकांना एक-एक रुपया पाठवत बसलो. एक रुपया आला की यादीतली सर्वांत वरची ओळ मोठ्याने वाचायची. अक्षर न येणाऱ्यांनाही आकडे येतात. बाजारात आयुष्य काढलेल्या बाईला आकडा कधीच चकवत नाही.

इथे एका अडचणीचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण ती आपल्या घरांतलीच आहे. आमच्या गटातल्या काही बायकांना कुरआन पाहून वाचता येतो, उर्दूही बऱ्यापैकी येते, पण मराठी वाचता येत नाही. घरातले लोक त्यांना सरळ 'अनपढ' म्हणतात. फोनची भाषा उर्दू करता येते हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. एकीच्या फोनमध्ये आम्ही भाषा बदलून दिली. ती बराच वेळ काही न बोलता एकेक पान उघडून वाचत बसली आणि मग हसून म्हणाली, "ये तो सब मुझे पढ़ना आता है." ज्यांना काहीच वाचता येत नाही त्यांना माईकच्या खुणेवर बोट ठेवून बोलायला शिकवले. मराठी बोलले की मराठी उमटते, उर्दूची भाषा निवडली की उर्दू. आमच्या भागातली बोली मात्र फोनला नीट समजत नाही. 'बोटुकली' म्हटले की तो भलतेच काही लिहितो आणि मग सगळे हसतात.

मुलांचा प्रश्न वेगळाच. प्रत्येक आईबरोबर एखादे पोर यायचे आणि आईने बोट उचलायच्या आत "अम्मी, तुमसे नहीं होगा" म्हणून फोन ओढून घ्यायचे. पोरांना सगळे येते, पण शिकवता येत नाही, कारण त्यांना दम नाही. आम्ही नियम केला: शिकवणाऱ्याचे दोन्ही हात पाठीमागे. तोंडाने सांगायचे, बोट आईचेच लागेल. सातवीतला एक मुलगा पहिल्या दिवशी तळमळत होता, हात सुटत होते. चौथ्या दिवशी तो सावकाश सांगायला लागला, "नीचे, और नीचे, हाँ, वो हरा वाला." बीएडला आम्हाला अध्यापनाच्या कितीतरी पद्धती शिकवल्या, ही त्यात नव्हती.

तळ्यावरच्या मजुरांना पैशाच्या ॲपपेक्षा दुसरे काही जास्त उपयोगी पडले. आम्ही त्याची कल्पनाही केली नव्हती. ३० मीटर बाय ३० मीटरच्या शेततळ्यात साधारण हजारभर बोटुकली सोडतात, म्हणजे बोटाएवढी पिल्ले. त्यांना भाताचा कोंडा आणि ढेप मिसळून खाद्य देतात. किती द्यायचे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, अंदाजाने एक बादली. आता हिशेब पाहा. तळ्यातून वीस मासे काढून तोलले आणि सहा किलो भरले, तर एक मासा सरासरी ३०० ग्रॅमचा. हजारांपैकी आठशे जगले असे धरले तर तळ्यात २४० किलो मासा आहे. वजनाच्या दोन टक्के खाद्य धरले तर रोजचे ४ किलो ८०० ग्रॅम. सहावीतल्या मुलाला जमणारे गणित. पण तळ्यावर ते कोणी करत नाही. बादलीने आठ किलो पडते, उरलेले तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते.

प्राणवायूची गंमत अशी की रात्रभर पाण्यातले शेवाळही तो घेत असते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसानंतरची पहाट तर फार वाईट. चांगल्या पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असतो. तीनच्या खाली गेला की कतला, रोहू वर येऊन तोंड उघडझाप करतात. मालक यवतमाळला किंवा पुसदला झोपलेला. तळ्यावर आहे तो राखणदार. त्याने तेव्हाच दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवला आणि फोन केला तर पंप सुरू करून पाणी उडवता येते, ताजे पाणी सोडता येते, त्या दिवशीचे खाद्य बंद ठेवता येते. सकाळी आठला सांगितले तर फक्त मेलेले मासे मोजायचे उरतात. आम्ही तीन राखणदारांना मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, व्हिडिओ आणि आवाजी संदेश एवढेच शिकवले. वजनाची आणि खाद्याची नोंद त्यांनी वहीतच ठेवली, दर शुक्रवारी त्या पानाचा फोटो काढला. वही भिजते, फाटते, फोटो राहतो. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने २०२१ मध्ये 'मत्स्यसेतू' नावाचे शिकण्याचे ॲप काढले आहे, तेही उघडून दाखवले. पाहणाऱ्यांना चित्रे कळली, बोलणे फारसे कळले नाही. पण बीज सोडण्याआधी पिशवी तळ्याच्या पाण्यावर थोडा वेळ तरंगत ठेवायची, हे चित्रात पाहून एकजण लगेच म्हणाला, "आमी तं सरळ ओततो, म्हणूनच मरते काय?"

भावाची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही त्यांना केरळचे उदाहरण सांगितले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये छापून आला. १४ जानेवारी १९९७ रोजी वडकरा गावी अकरा मच्छीमारांवर तारली मासळी फेकून द्यायची वेळ आली होती, कारण किनाऱ्यावर घेणारा नव्हता. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस गिऱ्हाईके मासळी न मिळाल्यामुळे परत निघाली होती. पुढच्या चार वर्षांत तिथे मोबाईल आला. होडीतूनच फोन करून कुठे भाव आहे हे विचारता येऊ लागले. फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यालाही मासळी चार टक्के स्वस्त पडली. दोघांचा फायदा झाला.

गोष्ट सगळ्यांना आवडली. पण जाळ्यावरचे ते काका शेवटी म्हणाले, "भाव कळून काय करू? माल तं त्याईलेच द्या लागते." त्याई म्हणजे ज्यांच्याकडून उचल घेतली आहे ते व्यापारी. जाळ्याला, नावेला, पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला उचल घेतलेली असते आणि मग मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने. कागदावर संस्था आणि पाण्यावर ठेकेदार, ही विदर्भातली जुनी तक्रार. फोन त्यावर इलाज नाही, हे आम्ही तिथेच कबूल केले. नांदेडचा भाव फोनवर ऐकून ज्याला आपली मासळी नांदेडला पाठवता येत नाही, त्याला त्या ज्ञानाने फक्त जास्त वाईट वाटते.

तरी एक गोष्ट त्याच्या हातात आहे. उचल किती घेतली, मासळीतून किती फिटली, याची नोंद फक्त व्यापाऱ्याच्या वहीत असते. आपल्याला ठाऊक आहे की कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामधली २८२ वी आहे आणि ती नमाज-रोजाबद्दल नसून देण्याघेण्याची नोंद ठेवण्याबद्दल आहे. त्यात मजकूर सांगण्याचा हक्क कर्ज घेणाऱ्याला दिला आहे आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, लिहायला नकार देऊ नये, असा हुकूम आहे. आमच्या बाजारात उलटे चालते. ज्याचे देणे आहे तोच सांगतो आणि तोच लिहितो, घेणारा फक्त अंगठा देतो. म्हणून आम्ही त्यांना सुचवले, तोलाच्या वेळी काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढा आणि रात्री फोनच्या माईकवर बोलून ठेवा: आज इतके किलो, हा भाव, इतके वळते केले. भांडणासाठी नव्हे, आपल्यापाशी असावे म्हणून. काही व्यापाऱ्यांना ते आवडले नाही. एकाने स्वतःहून आपली वही दाखवून दोघांचा हिशेब जुळवला, आणि फरक दोन्ही बाजूंनी निघाला, हेही सांगितले पाहिजे.

आता नोंदणीकडे. गटातल्या ज्यांना हवी होती त्यांना घेऊन आम्ही सेवा केंद्रावर गेलो तेव्हा खरी अडचण दिसली. आधारवर एक नाव, बँकेत दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. आपल्या नावांचे इंग्रजी आणि मराठी लेखन ज्याच्या हाती पेन तो ठरवतो. शेखचे शेक होते, शहनाजचे शेनाज होते. माहेरचे 'बी' कुठे राहते, सासरचे 'बेगम' कुठे लागते, कुठे नवऱ्याचे नाव मध्ये येते. माणसाला यात फरक दिसत नाही, संगणकाला ती तीन वेगळी माणसे वाटतात. आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळते. म्हणून दुरुस्तीला जाताना आधी घरी बसून, सगळे कागद पुढ्यात ठेवून, एकच लेखन पक्के करावे, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्यावे, आणि 'दे दाबून' करणाऱ्याला पावती आधी दाखवायला सांगावी. मुलीचे नाव शाळेत घालताना हे केले तर तिला पुढे त्रास नाही. आम्ही दाखल-खारीज रजिस्टर लिहिणारे लोक. या चुकांमधल्या काही आमच्याच टेबलावर जन्मलेल्या असतात, हे नाकारत नाही.

दुसरी अडचण नंबराची. दोघींच्या आधारला नवऱ्याचा जुना, बंद पडलेला नंबर होता. एकीच्या खात्याला जो नंबर होता तो कोणाचा हे घरात कोणालाच सांगता येईना. बरीच विचारपूस केल्यावर कळले, काही वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेचा अर्ज भरून देणाऱ्या माणसाने "तुमच्याकडे फोन नाही ना, माझा टाकतो" म्हणून स्वतःचा टाकला होता. त्याने काही वाईट केले की नाही, आम्हाला माहीत नाही. पण इतकी वर्षे त्या बाईच्या खात्याची किल्ली परक्या माणसाच्या खिशात होती. ओटीपी ही अमानत आहे, ती मागेल त्याला द्यायची नाही, असे आपण बायकांना सांगतो. ज्या अमानतीचा पत्ताच दुसऱ्याचा लिहिलेला आहे, ती सांभाळायची कशी?

पुरुषांपेक्षा बायकांच्या बाबतीत हे जास्त का, याचा आम्ही विचार केला. २०१७ मध्ये केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले होते. वीस तासांचे शिक्षण, वय १४ ते ६०, आणि सहा कोटी घरांचे लक्ष्य. प्रत्येक घरातून एक माणूस. मार्च २०२४ पर्यंत त्यात सहा कोटींहून अधिक लोक शिकले, काम लहान नव्हते. पण घरातून एकच जायचे म्हटल्यावर कोण जाईल? बहुतेक घरांत जाईल तो बारावीतला मुलगा, ज्याला आधीच येते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते, बायकांपैकी ३३. स्वतः वापरत असलेला फोन शंभरातल्या ५४ बायकांकडे होता. 'घरात फोन आहे' आणि 'तिच्याकडे फोन आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या दालनात बसूनही मोजता येईल.

घरातले पुरुष विरोध करत होते असे मात्र नाही. "बिघडेल", "फसेल", "कशाला डोक्याला ताप" एवढेच. एका भावाने तर सरळ विचारले, बाईच्या नावावर फोन दिला आणि उद्या काही झाले तर जबाबदार कोण? आम्ही विचारले, आज तिच्या नावावर जे चालले आहे त्याला कोण जबाबदार आहे? ते गप्प बसले. त्यांना पटले असे आम्हाला वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः बहिणीला घेऊन सिम घ्यायला गेले.

सगळ्यांचे काम झाले नाही. बावीस जणांपैकी नऊ जणांची नोंदणी पुरी झाली, काहींची नावे अजून अडकलेली आहेत. ते काका आले नाहीत. त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. जाळ्याच्या दोरीने आणि पाण्याने ते झिजले आहेत. डोळ्यांवरून होते म्हणतात, त्यासाठी त्यांना पुन्हा जायचे आहे, आणि मासळीचा हंगाम सुरू झाला की ते जात नाहीत.

ती पहिली बाई आता मुलाचा जुना स्मार्टफोन वापरते. सिम तिच्या नावाचे, खाते तिचे, क्यूआर कोड तिचा. मुलाला सुरुवातीला जरा लागले, मग त्यानेच पुण्याहून फोनला नवी काच बसवून पाठवली. मागच्या महिन्यात आम्ही तिच्याकडे मरळ घ्यायला गेलो. आमच्या पुढे एक तरुण उभा होता, घाईत. त्याने पैसे पाठवले, हिरवा पडदा तिच्यासमोर धरला आणि पिशवीला हात घातला. तिने पिशवीवर हात ठेवला, दुसऱ्या हाताने फोन उघडला, यादी खाली ओढून बघितली. वरची ओळ अजून सकाळचीच होती.

"हो गया ना मौसी, ये देखो," तो म्हणाला.

"तुम्हारे में हो गया बेटा, मेरे में नहीं आया. नेटवर्क आने तक साफ कर देती हूँ," आणि तिने विळी पुढे ओढली.